होडीवरची होडी

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत छत सांभाळण्यासाठी रूफ बोल्ट मारतात. छतात दीड-दोन मीटर खोल भोक पाडायचे, त्यात सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल सारायची, मागून सळई घुसवायची आणि ती आत पक्की धरली की बाहेर राहिलेल्या टोकावर वीतभरापेक्षा थोडी लहान चौकोनी लोखंडी प्लेट चढवून नट आवळायचा. आतली सळई दगडाचे थर एकमेकांना बांधून ठेवते, खालची प्लेट सुटू पाहणारा थर तोलून धरते. प्लेट नसेल तर ठिसूळ थर नटाच्या भोवतीने गळून पडतो आणि सळई मात्र जागच्या जागी लोंबकळत राहते. वरचा भार खालच्या न दिसणाऱ्या आधारावर उभा असतो, हे त्याच पट्ट्यातल्या घुग्घुसमध्ये कुणाला पटवून द्यावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गेले, आणि खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी असल्याचे तेव्हा सांगितले गेले. या प्रकरणाचा विषय मात्र घुग्घुसपासून शेकडो किलोमीटर लांबच्या पाण्यावरचा आहे. शिडाच्या नौकेवर छोटी होडी, म्हणजे डिंगी, उपडी घालून बांधायची असेल, तर तिला धरणाऱ्या कड्या डेकमध्ये कशा बसवायच्या? माझे म्हणणे असे की, या कामात कोणती कडी घ्यावी हा प्रश्न सगळ्यांत गौण आहे. ताकद ठरते डेकच्या खाली काय आहे त्यावर, आणि ती ताकद किती वर्षे टिकेल हे ठरते बोल्टाच्या भोकातून पाणी शिरते की नाही त्यावर. दुकानात चकचकीत कडी विकायला असते, खालची प्लेट कुणी काचेच्या कपाटात मांडत नाही. त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही चुकीच्या बाजूला जातात.

शिडाच्या नौकेला पोटाखाली वजनदार कणा असतो आणि तो पाण्यात दीड-दोन मीटर खोल उतरलेला असतो. त्यामुळे तिला किनाऱ्याला लागता येत नाही. ती नांगरावर उभी राहते आणि माणसे डिंगीतून ये-जा करतात. प्रवासात ही डिंगी ठेवायची कुठे? मागे दोर लावून ओढत नेली तर वेग कमी होतो, आणि मागून लाट आली की ती नौकेवरच येऊन आदळते. नौकेच्या पाठीमागे दोन लोखंडी हातांवर टांगली, तर मोठ्या लाटेत ती पाण्याने भरते आणि ते सगळे वजन त्या हातांवर येते. हवेची असेल तर हवा काढून घडी घालता येते, आणि लांबच्या सफरीला जाणारे शहाणे लोक तेच करतात. पण लाकडी किंवा फायबरच्या डिंगीची घडी होत नाही, आणि रोज एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाणारा माणूस रोज पंप मारत बसत नाही. म्हणून उरते ती डोलकाठीच्या पुढची किंवा केबिनच्या छतावरची जागा, आणि तिथे उपडी घातलेली, चहूबाजूंनी आवळलेली होडी.

आता तिला कशाविरुद्ध बांधायचे? पहिला विचार वजनाचा येतो. डिंगी तीस-चाळीस किलोची असते, म्हणजे चार छोट्या कड्या आणि बोटाएवढा दोर पुरे. दुसरा विचार वाऱ्याचा येतो, आणि तोही फसवाच आहे. सुमारे अडीच मीटर लांब आणि डेकवर हात-सव्वा हात उंच बसलेल्या उपड्या होडीची बाजू वाऱ्यासमोर साधारण एक चौरस मीटर भरते. ताशी नव्वद किलोमीटरचे वादळी वारे त्या बाजूवर जेमतेम चाळीस किलोचा दाब टाकते. पण समुद्राचे पाणी हवेपेक्षा साडेआठशे पट घन आहे. तेच एक चौरस मीटर घ्या आणि त्यावर सेकंदाला पाच मीटर, म्हणजे सायकलच्या वेगाने, लाटेचे अखंड पाणी येऊ द्या. दाब तेराशे किलोच्या घरात जातो. वेग सेकंदाला सात मीटर झाला तर अडीच हजार किलो, कारण वेग वाढला की दाब त्याच्या वर्गाने वाढतो. शिवाय उपड्या होडीच्या पोटात हवा अडकलेली असते. डेक क्षणभर जरी पाण्याखाली गेला, तरी अर्धा घनमीटर अडकलेली हवा होडीला पाचशे किलोच्या जोराने वर उचलते. म्हणजे कड्यांवर येणाऱ्या भाराचा होडीच्या वजनाशी फारसा संबंधच नाही. होडी तिथे एखाद्या भिंतीसारखी उभी असते आणि कड्या त्या भिंतीचा पाया असतात.

यावर कोकणात नौका चालवणारा लगेच म्हणेल, हे आकडे दक्षिण महासागराचे आहेत. मांडव्याहून मुरुडपर्यंत डिसेंबरात जायला एवढा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त वाटतो, पण हिशेब त्याच्या बाजूचा नाही. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाने, म्हणजे ९.८ ने, गुणून वर्गमूळ काढले की तो मिळतो. अडीच मीटर पाण्यात तो सेकंदाला जवळजवळ पाच मीटर येतो, आणि फुटणाऱ्या लाटेच्या माथ्यावरचे पाणी साधारण त्याच वेगाने पुढे फेकले जाते. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, आणि ओहोटीचे पाणी बाहेर येत असताना समोरून आलेली लाट तिथेच फुटते. तेराशे किलोच्या लाटेसाठी केप हॉर्नला जायची गरज नाही, चुकलेली भरती-ओहोटीची वेळ पुरते. शांत दिवशी या कड्यांना काहीच काम नसते हे खरे. पण त्या बसवायच्या असतात त्या एका दिवसासाठीच.

डेकवरची आणि डेकला जोडलेली वस्तू पाण्यापुढे कशी हलते याचा एक चांगला दाखला मुंबईत बांधलेल्या नौकेचाच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये सागवानात बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधले फॉलमथ सोडले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते परतले. तोवर हे कुणीच केले नव्हते. त्या सफरीत दक्षिणेच्या समुद्रात नौका एकदा आडवी झाली आणि केबिनच्या कडांना पडलेल्या भेगांवरून लक्षात आले की केबिनचा अख्खा वरचा भाग जागचा हलला आहे. लाकूड शाबूत होते, दणका बसला तो सांध्यांना. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, अभिलाष टॉमी त्याच सुहैलीची गोव्यात बांधलेली प्रतिकृती ‘थुरिया’ घेऊन गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती उलटी केली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने वाचवले. १९७९ च्या फास्टनेट नौकाशर्यतीत ३०३ नौका निघाल्या, वादळात सापडल्या आणि १५ खलाशी गेले. त्या वादळानंतरच्या चौकशीत, डेकवर बांधलेले काही लाइफराफ्ट लाटांनी उपटून नेल्याचेही पुढे आले. जीव वाचवण्यासाठी ठेवलेली वस्तूच जिथे बांधली तिथून सुटली, याहून मोठा पुरावा या प्रकरणाला लागत नाही.

जुन्या गोदीतल्या सुतारांना हे ठाऊक होते. मुंबईच्या वाडिया गोदीत बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. त्या काळच्या जहाजांवर छोट्या होड्या मधोमध, राखीव डोलकाठ्यांच्या ओंडक्यांवर ठेवून आवळत. ज्या कड्यांना त्या आवळत त्या कधीही नुसत्या डेकच्या फळीत मारत नसत. कडीचा दांडा फळीतून आरपार जाऊन खालच्या जाड तुळईत उतरे आणि तुळईच्या पलीकडे लोखंडी किंवा तांब्याच्या चकतीवर त्याचे टोक ठोकून चपटे करत. फळी पाणी अडवायला, तुळई भार घ्यायला, अशी कामांची सरळ वाटणी होती. आजच्या फायबरच्या नौकेत ही वाटणी पुसली गेली. डेक म्हणजे ग्लास फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, फोम किंवा प्लायवूडचा गाभा. बांधणी हलकी आणि वाकायला अत्यंत ताठ. गाभ्याची ही पद्धत कमकुवत आहे असे मुळीच नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’चे कवच लाकडी गाभ्यावर फायबर चढवूनच केलेले होते. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि पुढे अभिलाष टॉमींनी न थांबता. पण असा डेक जसा वाकायला ताठ, तसाच एका बिंदूवर दाबला तर हळवा असतो. आणि बोल्ट नेमका एका बिंदूवरच दाबतो.

हा हळवेपणा किती, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. स्टेनलेसचा आठ मिलिमीटरचा चांगला बोल्ट दीड टनाहून जास्त भार आल्याशिवाय ताणला जात नाही. म्हणजे बोल्ट तुटण्याची भीती जवळजवळ नाहीच. आता त्याच्या नटाखाली नेहमीचा वायसर घाला. त्याचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरही भरत नाही. चारशे किलोचा ओढा आला की वायसरखाली दर चौरस सेंटिमीटरला पावणेतीनशे किलो दाब होतो. डेकमध्ये सर्रास वापरला जाणारा फोम दर चौरस सेंटिमीटरला चौदा-पंधरा किलोला चेपतो. मधला फायबरचा थर भार थोडाफार पसरवतो, पण पातळ थराकडून मागून किती मागणार? आधी गाभा चेपतो, मग थराला वायसरच्या कडेने गोल चीर पडते, आणि शेवटी बोल्ट, वायसर, नट हे सगळे सहीसलामत वर निघून येते, डेकचा गोल तुकडा सोबत घेऊन. आता वायसरच्या जागी दहा सेंटिमीटर चौकोनी जाड प्लेट ठेवा. तोच चारशे किलोचा ओढा शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब चार किलोवर येतो. बोल्ट तोच, कडी तीच, डेकही तोच. बाजारातली सर्वांत महाग कडी आणून हा फरक पडत नाही आणि सर्वांत स्वस्त कडीने तो जात नाही. प्लेट मात्र वाकू नये इतकी जाड हवी. पातळ पत्रा बोल्टाभोवती वाटीसारखा वर ओढला जातो आणि मग तो फक्त मोठ्या वायसरचे काम करतो.

प्लेट कशाची, यावर नौकावाल्यांत फार वाद चालतात. मला तो वाद थोडा चैनीचा वाटतो, पण त्यातला कामाचा भाग असा. ॲल्युमिनियम हलके आणि कापायला सोपे, पण स्टेनलेसचा बोल्ट त्यातून गेला आणि मध्ये खारे पाणी आले की दोन धातूंत विजेचा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजते. स्टेनलेसची प्लेट टिकते, पण घरगुती अवजारांनी कापवत नाही. फायबरचीच दाबून केलेली जाड पाटी सर्वांत उत्तम, कारण तिला गंज नाही, कूज नाही आणि ती डेकला एपॉक्सीने चिकटते. लाकूड वापरायचे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाच्या मनात पहिल्यांदा साग येणार. आलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारशाच्या डेपोतला साग. सागाचे गुण इथे खरोखर उपयोगी आहेत: अंगात तेल असल्याने तो पाण्याला दाद देत नाही, आणि ओकच्या लाकडासारखा लोखंडी खिळा खात नाही. पण दोन अडचणी आहेत. तेच तेल एपॉक्सीला नीट चिकटू देत नाही, म्हणून चिकटवण्याच्या ऐन आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो. आणि अखंड फळी रेषेच्या दिशेने चिरते. दोन बोल्ट एकाच रेषेवर आले की ती रेषाच फुटण्याची वाट बनते. त्यामुळे, सागाचा मान राखूनही, आयएस ७१० मानकाचा जाड मरीन प्लायवूड कापून एपॉक्सीत बुडवून बसवला तर तो या कामाला जास्त भरवशाचा. त्यात प्रत्येक थराची रेषा शेजारच्या थराला आडवी असते, म्हणून चिरायला सलग वाट मिळत नाही.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप. डेकला भोक पाडणे म्हणजे गळतीला आमंत्रण. आठ भोके पाडून होडी वाचवायची आणि डेक गमवायचा, हा कुठला शहाणपणा? आक्षेप पूर्ण खरा आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. डेकवरच्या कड्या भाराने तुटतात त्यापेक्षा पाण्याने सैल होतात. बोल्टाच्या कडेने थेंबभर पाणी आत जाते आणि खाली केबिनमध्ये ठिबकत नाही, ते मधल्या गाभ्यात पसरते. बाल्सा वर्षा-दोन वर्षांत लगदा होतो. वरून डेक तसाच चकचकीत दिसतो. त्याच ओल्या, हवा न खेळणाऱ्या भोकात स्टेनलेसचा बोल्टही आतल्या आत खाल्ला जातो, कारण स्टेनलेसला न गंजण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो आणि तिथे तो पोचत नाही. मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे स्टेनलेस ३०४ पेक्षा जास्त तग धरते, पण अमर नसते. तेव्हा बोल्ट गाभ्याला शिवताच कामा नये, हा इलाज. आठ मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी बारा ते सोळा मिलिमीटरचे भोक पाडायचे, वाकवलेल्या खिळ्याने किंवा तसल्या आकड्याने दोन थरांमधला गाभा भोकाच्या कडेने आणखी थोडा कोरून काढायचा, खालून टेप लावून घट्ट केलेले एपॉक्सी भरायचे, ते पूर्ण कडक झाले की त्या एपॉक्सीच्या मधोमध आठ मिलिमीटरचे भोक पाडायचे. आता बोल्टाभोवती दगडासारखी नळी तयार झाली. नट कितीही आवळला तरी गाभा चेपत नाही, आणि सीलबंदी कधी हरली तरी पाणी गाभ्यात न जाता खाली केबिनमध्ये ठिबकते. केबिनमध्ये गळणारी कडी चांगली, कारण ती सांगते तरी. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडा उतार देऊन तिथे ब्यूटाइल टेपचा किंवा पॉलिसल्फाइडचा कडा भरायचा. उतार नसेल तर नट आवळताना सगळा मसाला बाहेर येतो आणि उरतो तो कागदाइतका थर. सिलिकॉन मात्र इथे नको. ते नीट चिकटत नाही, आणि एकदा लागले की त्या जागी दुसरे काही चिकटू देत नाही. हे काम मुंबई-गोव्यात पावसाळ्यात काढू नये हे वेगळे सांगायला नको. दमट हवेत एपॉक्सीवर चिकट थर येतो आणि ओला गाभा आत कोंडला जातो.

काही जण भोकांची कटकट टाळण्यासाठी आहे त्याच गोष्टींना होडी बांधायला सांगतात. डेकच्या कडेने उभे असलेले रेलिंगचे खांब आहेत, केबिनच्या छतावर धरायचे लाकडी दांडे आहेत, डोलकाठी आहे. यातली डोलकाठी सोडली तर बाकीचे उसने घेण्यासारखे नाही. रेलिंगचा खांब दोन फूट उंच असतो. त्याच्या मध्यावर दोर बांधून पाचशे किलो ओढले की बुडाशी पहारीसारखी उचल बसते आणि बुडाचे चार बोल्ट उखडतात. शिवाय तो खांब माणूस पाण्यात पडू नये म्हणून आहे, त्याला होडीच्या कामाला लावून सैल करणे हे फार महाग कर्ज आहे. छताचे दांडे पुष्कळदा वरून स्क्रूने बसवलेले असतात आणि स्क्रू गाभ्यात कुठेतरी संपतो, म्हणजे तिथे प्लेटचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांनी ते दांडे आरपार बोल्टाने बसवून घेतले आहेत त्यांनी त्यांना जरूर बांधावे. उचल बसण्याचा हाच नियम नव्या कडीलाही लागू आहे. डेकपासून चाळीस मिलिमीटर उंच कडी आणि तिचे दोन बोल्ट ओढ्याच्या दिशेत पन्नास मिलिमीटर अंतरावर असतील, तर पाचशे किलोच्या आडव्या ओढ्याने ओढ्याच्या उलट बाजूच्या बोल्टावर चारशे किलोचा उपसा येतो. कडी पंचवीस मिलिमीटर उंच असेल तर तोच अडीचशे. बुटकी आणि रुंद बुडाची कडी घ्यावी हे सांगण्यामागे कारण हे. ती पायालाही लागत नाही, आणि शिडाचा दोर अंधारात तिच्यात अडकत नाही.

याहून चतुर आक्षेप असा आहे: होडी जाऊ द्यावी की! कड्या इतक्या पक्क्या केल्या तर मोठ्या लाटेत होडीबरोबर डेकही फाटेल, आणि मग भोकातून समुद्र आत येईल. हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. काहीतरी तुटायलाच हवे असेल तर ते काय असावे, हे आपण आधी ठरवावे, लाटेवर सोडू नये. सर्वांत आधी दोर तुटावा, त्यानंतर कडी, आणि डेक कधीच नाही. डेक सर्वांत मजबूत केला नसेल तर हा क्रम साधत नाही, कारण वायसरवर बसवलेल्या कडीत डेकच सर्वांत आधी फाटतो. आठ मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर एक ते दीड टनाला तुटतो आणि त्यात गाठ पडली की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, हे लक्षात घेऊन दोराची जाडी आणि फेरे निवडता येतात. एकच जाड दोर घेण्यापेक्षा बारीक दोराचे तीन-चार फेरे घेतले तर भार वाटला जातो आणि वेळ आली तर चाकूने चटकन कापताही येतो. कोनाचाही विचार करावा. होडीच्या अंगावरून दोन्हीकडे उतरणारा दोर डेकशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर वर उचलणारा पाचशे किलोचा जोर रोखायला दोन्हीकडच्या दोरांत प्रत्येकी पाचशे किलो ताण येतो. साठ अंश असेल तर प्रत्येकी तीनशेच्या आत. म्हणून उचल रोखणाऱ्या कड्या होडीच्या कडेच्या जवळ असाव्यात. सरकणे रोखण्याचे काम दोरावर ठेवूच नये. त्यासाठी होडीच्या कडेला बिलगून डेकवर ठोकळे बसवावेत, आणि अर्थात त्यांनाही खालून प्लेट.

हवेच्या डिंगीत एक जास्तीची भानगड आहे आणि ती भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातली आहे. तिच्या नळ्यांत बाहेरच्यापेक्षा साधारण पाव वातावरण जास्त दाब असतो, म्हणजे एकूण सव्वा. दुपारी डेकवर उन्हात नळी पन्नास अंशांपर्यंत तापली असताना तिच्यावर दोर कचकचून आवळला. रात्री लाटांचे पाणी अंगावरून गेले आणि आतली हवा अठ्ठावीस अंशांवर आली. निरपेक्ष तापमानात ही घट फक्त सात टक्क्यांची, पण ती सव्वा वातावरणाच्या सात टक्के आहे, पावाच्या नव्हे. जास्तीचा दाब त्यामुळे एक तृतीयांशाने पडतो, नळी मऊ होते आणि दुपारी तार झालेला दोर रात्री ढिला पडतो. ढिला दोर तुटण्याची शक्यता जास्त, कारण आता होडी आधी उसळते आणि मग झटक्याने दोराला भिडते. हवेच्या डिंगीला संध्याकाळी, गार झाल्यावर, पुन्हा आवळणे हा त्यामुळे हौसेचा नव्हे, नेमाचा भाग.

जागा निवडताना बहुतेक माणसे डेकवर होडी उपडी ठेवून खडूने खुणा करतात आणि मग ड्रिल लावतात. सुरुवात खालून व्हायला हवी. केबिनमधली अस्तराची पाटी काढून पाहावे की कडीच्या नेमक्या खाली काय येते. आडवी भिंत किंवा तुळई जवळ असेल तर कडी तिच्या बाजूला सरकवावी, कारण मोकळ्या डेकच्या मधोमध प्लेट कितीही मोठी असली तरी अख्खा डेकच फुगल्यासारखा वर-खाली होतो. कपाट, वायर किंवा दिवा आड येत असेल तर होडी चार बोटे हलवावी, प्लेट कापून लहान करू नये. जुनी नौका असेल तर भोक पाडण्याआधी डेक वाजवून घ्यावा. खाणीत पाळीच्या सुरुवातीला छत ठोकून बद्द आवाज येतो का ते पाहतात, तसाच हातोडीच्या मुठीने इथला डेकही बोलतो. कोरडा गाभा टणक वाजतो, कुजलेला बद्द. बद्द वाजणाऱ्या जागी कडी बसवणे म्हणजे प्लेटला चिखलावर उभे करणे, तिथे आधी गाभा बदलावा लागतो. कड्या बसवून झाल्यावरही त्यांना एकदा भार देऊन पाहावा. वरून चेन ब्लॉक लावून, वजनकाट्यावर पाहत, अपेक्षित भाराच्या निम्म्यापर्यंत हळूहळू ओढायचे आणि त्या वेळी एकाने खाली बसून प्लेटच्या कडांवर टॉर्च धरायचा. प्लेटभोवतीच्या रंगात केसाएवढी चीर दिसली तर प्लेट लहान आहे. वर्षातून एकदा, पाऊस संपून नौका पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी, प्रत्येक कडीचा एकेक बोल्ट बाहेर काढून पाहायचा. दांड्यावर तपकिरी डाग किंवा खड्डे दिसले तर सगळेच बोल्ट बदलायचे, कारण एका भोकात पाणी शिरले असेल तर त्याच हाताने, त्याच दिवशी, त्याच मसाल्याने बुजवलेल्या बाकीच्यांवर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही.